कुंपणच शेत खातं तेव्हा : पॉल एर्लिख आणि त्यांच्या शेळ्या

आमवात, लहान मुलांना होणारा मधुमेह, थायरॉईडचे काही आजार. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उठते. कुंपणानंच शेत खावं, तसं. असं होऊ शकतं का, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीच्या पॉल एर्लिख यांनी नीट तपासला.

त्यांचा जन्म १४ मार्च १८५४ चा, स्ट्रेलेन गावचा. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. डॉक्टरकी शिकताना त्यांना नाद लागला रंगांचा. कापडाचे रंग पेशींवर टाकून बघायचे. कोणती पेशी कोणता रंग धरते, यावरून त्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे प्रकार ओळखले. मध्येच क्षयानं गाठलं. हवापालटासाठी इजिप्तला राहिले, बरे होऊन परतले आणि लहान मुलांच्या घटसर्पावरच्या औषधाची मात्रा ठरवायची पद्धत बसवली.

१८९७ मध्ये त्यांनी मांडलं, की पेशीच्या अंगावर आकडे असतात. कुलपात किल्ली बसावी तसं ठरावीक विष ठरावीक आकड्यातच बसतं.

मग आल्या शेळ्या. १९०० च्या सुमारास त्यांनी एका शेळीला दुसऱ्या शेळीचं रक्त टोचलं. शेळीच्या अंगात त्या परक्या रक्तपेशी फोडणारी द्रव्यं तयार झाली, पण स्वतःच्या रक्ताला ती हात लावेनात. एर्लिख म्हणाले, स्वतःवर वार होऊ नये अशी काहीतरी सोय शरीरात असलीच पाहिजे.

१९०८ चं नोबेल त्यांना मेचनिकोव्ह यांच्यासोबत मिळालं. पुढं जपानच्या हाता यांच्या साथीनं गरमीच्या रोगावर औषध शोधलं. २० ऑगस्ट १९१५ ला ते गेले.

नाव एवढं मोठं, की शरीर स्वतःवर उलटूच शकत नाही असं पुष्कळ डॉक्टर धरून बसले. १९०४ मध्येच व्हिएन्नात उलट पुरावा मिळाला होता, तरी बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९५६ मध्ये सशांवरच्या प्रयोगानं चित्र बदललं.

एर्लिख यांनी ताडलेली सोय मात्र खरी निघाली. पेशी एकमेकींना निरोप देतात. काही पेशींचं कामच लढणाऱ्या पेशींना 'थांबा' सांगायचं. या राखणदार पेशींच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं. राखणदार कमी पडले किंवा निरोप पोचला नाही, की शरीर स्वतःवर उलटू शकतं.

म्हणून हे आजार कुणाच्या नजरेनं होत नाहीत. सकाळी सांधे आखडून सुजत असतील तर डॉक्टरांना दाखवा, आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका.