सोयराबाई : कादंबरीतल्या आणि इतिहासातल्या

ऐतिहासिक कादंबरीची गोडी काही निराळीच! आपल्यापैकी कित्येकांनी वाणगाव-डहाणूच्या गाडीतल्या गर्दीतही ‘श्रीमान योगी’ किंवा ‘छावा’ची पाने अधाशासारखी वाचली असतील. त्या पानांतून महाराजांच्या राण्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. सईबाई सोज्ज्वळ, पुतळाबाई निष्ठावंत आणि सोयराबाई? त्या मात्र कपटी सावत्र आई! कथेला रंग चढतो तो त्यांच्यामुळेच. परंतु पुस्तक मिटल्यावर या राणीचे आयुष्य एकदा सलग पाहावे.

सोयराबाई तळबीडच्या मोहिते घराण्यातल्या. हंबीरराव मोहिते हे त्यांचे बंधू. सईबाई १६५९ साली वारल्या, तेव्हा शंभूराजे अवघे दोन वर्षांचे होते. २४ फेब्रुवारी १६७० रोजी सोयराबाईंच्या पोटी राजाराम जन्मले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा पट्टराणीचा मान त्यांना मिळाला.

३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले. शंभूराजे त्या वेळी पन्हाळ्यावर होते. अण्णाजी दत्तो प्रभृती मंत्र्यांनी त्याच महिन्यात दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसविले. पण सरसेनापती हंबीररावांनी सख्ख्या भाच्याचा नव्हे, शंभूराजांचा पक्ष घेतला. बहिणीचा बेत भावानेच उधळला! पुढल्या वर्षी मंत्र्यांचा दुसरा कटही फसला आणि १६८१ च्या ऑक्टोबरात सोयराबाईंचा अंत झाला. तो कसा झाला, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही.

महत्त्वाकांक्षा त्यांना होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पोटच्या मुलासाठी गादी मागणारी आई त्या काळी कोणत्या दरबारात नव्हती? स्वार्थ मंत्र्यांचाही होता. दोष मात्र कथाकारांनी बहुतांशी राणीच्याच पदरात टाकला.

१६८९ मध्ये संभाजी महाराज मोगलांच्या कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या पत्नी येसूबाईंनी स्वतःच्या मुलाला बाजूला ठेवून राजारामांनाच पुढे केले. राजारामांनी जिंजीहून झुंज चालू ठेवली. १७०० साली त्यांच्या निधनानंतर औरंगजेबाशी लढत राहिल्या त्या त्यांच्या पत्नी ताराबाई, म्हणजे हंबीररावांच्याच कन्या. ज्या मुलासाठी सोयराबाईंनी एवढी बदनामी ओढवून घेतली, त्याच मुलाने पडत्या काळात स्वराज्य सावरले. ते पाहायला मात्र त्या राहिल्या नव्हत्या.

कादंबरीचा आस्वाद जरूर घ्यावा. पण कोणा राणीला दोषी ठरविण्यापूर्वी इतिहासाची चार पानेही उलटावीत.