मारक्या वळूला कळपात थारा नाही! आपल्या गोवंशाच्या रक्तातून ‘बीफमास्टर’ घडवणारे टॉम लॅसाटर

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचा दक्षिण भाग म्हणजे उन्हाचा आणि काटेरी झुडपांचा मुलूख. युरोपातून आलेली हेरफर्ड, शॉर्टहॉर्न ही जनावरं तिथं उन्हानं आणि गोचिडांनी बेजार व्हायची. म्हणून फॅलफुरियसचे मोठे पशुपालक एड लॅसाटर यांनी १९०८ पासून वशिंडाचे ब्राह्मण वळू कळपात सोडले. हे वळू मूळ आपल्याकडच्याच रक्ताचे. गीर, कांकरेज, ओंगोल.

१९३० मध्ये एड वारले आणि १९११ साली जन्मलेल्या टॉमच्या अंगावर सगळा कळप आला. वय एकोणीस-वीस, त्यात जगभर मंदी. टॉम यांनी ब्राह्मण-हेरफर्ड आणि ब्राह्मण-शॉर्टहॉर्न असे दोन्ही संकर एकमेकांत मिसळले. निम्म्याहून थोडं कमी ब्राह्मण आणि बाकीच्या दोघांचा पाव-पाव हिस्सा, असा अंदाज सांगतात. नेमका हिशोब नाही, कारण एका कळपात अनेक वळू सोडलेले असायचे. बाप कोण यापेक्षा वासरू कसं निघालं, हे ते बघायचे.

जनावर ठेवायचं की काढायचं, हे त्यांनी सहा गोष्टींवर ठरवलं : वजन, बांधा, दूध, वेत, काटकपणा आणि स्वभाव. रंग आणि शिंगं हिशोबातच नाहीत. रंगरूप बघून जात ठरवण्याच्या त्या काळात हे धाडसच म्हणायचं. कालवड दोन वर्षांची होताना व्यायलाच हवी, पुढं दरवर्षी वासरू द्यायलाच हवं. एक साल चुकलं की गाय कळपाबाहेर.

खरी पंचाईत स्वभावाची. ब्राह्मण रक्त उन्हाला टिकतं, पण हे जनावर बुजरं; नीट हाताळलं नाही तर लगेच भडकतं. तिकडं ही जनावरं मांसासाठी पाळतात आणि विक्री वजनावर होते. मग भरपूर वजन देणारा पण मारका वळू ठेवावा की नाही? वजनाचा मोह सोडणं सोपं नसतं. हजारो एकरांचं रान, माणसं मोजकी. एक भडक जनावर कुंपण मोडतं, गड्याला जखमी करतं, बाकीच्यांनाही बुजवतं. सतत बिथरलेलं जनावर चाऱ्याचं अंगही धरत नाही. टॉम यांनी स्वभावाला वजनाच्याच पंगतीत बसवलं. दूध तोडल्यावर वासरांना माणसाची सवय लावायची आणि तरीही उधळतं ते काढून टाकायचं, असा त्यांचा रिवाज. आपल्याकडं मारकी गाय दूध जास्त देते म्हणून वर्षानुवर्षं सांभाळणारी घरं गावोगाव आहेत, त्यांना यातला त्रास सांगायला नको.

१९३७ नंतर त्यांनी बाहेरचं रक्त कळपात येऊ दिलं नाही. चाळीसच्या दशकाअखेर ते कळपासह कोलोरॅडोतल्या मॅथेसनला गेले. टेक्सासच्या उन्हात घडलेली जनावरं तिथल्या बर्फातही तगली. १९५४ मध्ये अमेरिकी कृषी खात्यानं बीफमास्टरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. टॉम २००१ मध्ये वारले.