पराभवातून उभा राहिलेला मलिक अंबर

धाराशिव जिल्ह्यात परांडा नावाचे गाव आहे. तेथील भुईकोट किल्ला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. भोवती खंदक, बुरुजांवर पडून असलेल्या तोफा आणि आत दगडी खांबांची मशीद. शाळेची सहल तेथे गेली की मुले तोफांवर चढून बसतात आणि त्यांना खाली उतरवता उतरवता आम्ही शिक्षक थकून जातो. हाच किल्ला सन 1600 पासून काही वर्षे एका राज्याची राजधानी होता. ही राजधानी येथे आणणारा माणूस एकेकाळी बाजारात विकला गेलेला गुलाम होता. त्याचे नाव मलिक अंबर.

अंबरचा जन्म सुमारे 1548 साली हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणी त्याचे नाव चापू होते. कोवळ्या वयातच त्याला गुलाम म्हणून विकण्यात आले. एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जात तो बगदादला पोहोचला. तेथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याची हुशारी ओळखली, त्याला शिक्षण दिले आणि अंबर हे नावही दिले. पुढे तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही पूर्वी गुलाम होता. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार आणि लष्कराची कामे शिकला.

1575 च्या सुमारास चंगीझखान मरण पावला. अंबर गुलामीतून मोकळा झाला, पण त्याचा आधारही गेला. पुढची वीस वर्षे त्याने साध्या शिपाईगिरीत काढली. काही काळ तो विजापूरच्या आदिलशाहीत नोकरीला होता. तेथेही त्याचे मन रमले नाही. 1595 च्या सुमारास तो नोकरी सोडून निजामशाहीत परत आला, तेव्हा त्याच्याबरोबर फक्त दीडशेच्या आसपास घोडेस्वार होते. त्याचे वय पंचेचाळीसच्या पुढे गेले होते. ना जहागीर, ना मोठे पद. त्या वेळी कोणी त्याला अयशस्वी माणूस म्हटले असते, तर ते खोटे ठरले नसते.

1600 साली चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती पडला. लहान सुलतानाला कैद करून ग्वाल्हेरला नेण्यात आले. निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले. अंबरने मात्र राजघराण्यातील एका तरुणाला शोधून काढले, आपली मुलगी त्याला दिली आणि परांड्याच्या किल्ल्यात त्याला गादीवर बसवले. हाच दुसरा मुर्तझा निजामशहा. अंबर त्याचा वजीर झाला.

पण सुरुवातच पराभवाने झाली. 1602 च्या सुमारास नांदेडजवळ मुघल फौजेशी त्याची लढाई झाली. मुघलांचा सेनापती होता मिर्झा इरज, खानखाना अब्दुर्रहीम यांचा मुलगा. हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे तुम्ही वाचता, तेच हे रहीम. या लढाईत अंबर जखमी होऊन रणांगणावर पडला. त्याच्या माणसांनी त्याला कसेबसे उचलून नेले. बरा झाल्यावर त्याने काय केले? ज्याच्या मुलाने त्याला हरवले होते, त्याच खानखानाशी तह केला. काहींना यात भित्रेपणा दिसेल. मला तसे वाटत नाही. आपली ताकद किती आहे, हे जखमी माणसाला चांगले कळलेले असते.

तहामुळे त्याला वेळ मिळाला. मुघलांकडे मोठ्या तोफा, हत्ती आणि भरपूर फौज होती. मोकळ्या मैदानात त्यांच्याशी टक्कर घेणे म्हणजे स्वतःहून हार पत्करणे. पण एवढ्या फौजेला रोज धान्य आणि चारा लागतो, आणि तो लांबून येतो. अंबरने डोंगरवाटांची माहिती असलेले चपळ मराठा स्वार आपल्या फौजेत घेतले. रात्री छापा घालायचा, रसद तोडायची, शत्रू सावध होण्याआधी निघून जायचे. हा गनिमी कावा त्याला फार उपयोगी पडला. 1610 पर्यंत त्याने अहमदनगरचा किल्ला परत मिळवला होता. त्या वर्षी विल्यम फिंच नावाच्या इंग्रज प्रवाशाने त्याच्याकडे सुमारे 50,000 सैन्य असल्याची नोंद केली. दीडशे स्वार घेऊन आलेला हाच तो माणूस! त्याच काळात त्याने खडकी नावाचे शहर वसवले. ते आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथे त्याने जमिनीखालून नहर काढून पाणी आणले.

एवढे शिकूनही 1616 साली त्याने जुनी चूक पुन्हा केली. त्याचे काही सरदार फुटून मुघलांना मिळाले होते, तरी रोशनगावजवळ तो समोरासमोर लढला आणि हरला. त्याला हरवणारा सेनापती पुन्हा तोच इरज होता. मुघलांनी खडकी शहर उद्ध्वस्त केले. 1617 साली शहाजादा खुर्रमशी तह करून अंबरला अहमदनगरचा किल्ला सोडावा लागला. 1620 मध्ये तो पुन्हा उठला, 1621 मध्ये पुन्हा हरला आणि खडकीची पुन्हा धूळधाण झाली. बादशहा जहांगीरचा त्याच्यावर एवढा राग होता, की त्याने अंबरच्या तोडलेल्या डोक्यावर आपण बाण मारत आहोत, असे चित्र काढून घेतले. ही इच्छा चित्रातच राहिली.

1624 साली मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र येऊन अंबरवर चालून आल्या. तो तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होता. या वेळी त्याने घाई केली नाही. अहमदनगरजवळच्या भातवडी गावी त्याने तलावाचा बांध फोडला. पावसाने आधीच भिजलेली जमीन चिखल झाली. हत्ती आणि तोफा जागच्या जागी अडकल्या. छावणीत धान्य मिळेना, शत्रूचे शिपाई पळून अंबरकडे येऊ लागले. मग त्याने हल्ला केला आणि दोन्ही फौजांचा पराभव केला. शहाजीराजे भोसले या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी येथेच मारले गेले.

दोन वर्षांनी, 1626 साली मलिक अंबरचा मृत्यू झाला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्यानंतर निजामशाही फक्त दहा वर्षे टिकली. नहरीचे पाणी मात्र नंतरही शेकडो वर्षे त्या शहराला मिळत राहिले.