सर आल्बर्ट हॉवर्ड आणि माळव्याची काळी माती

क्षिप्रेच्या परिसरातील एका मराठी वाचनालयाच्या शतकमहोत्सवी ग्रंथात एका इंग्रज कृषिशास्त्रज्ञाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या आसपासच आहे. प्रतिजैविक औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविषयीचे मोठे संशोधन गेल्या काही वर्षांत उज्जैनच्या खेड्यांतून झाले. आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय आणि स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्था यांतील संशोधकांनी लहान मुले, त्यांच्या घरची गुरे, पिण्याचे पाणी आणि सांडपाणी यांची तपासणी एकाच सूत्रात गुंफली. क्षिप्रेच्या पाण्यात औषधांचे अंश आणि प्रतिरोधी जंतू किती आहेत, याचाही शोध घेण्यात आला. माणसाचे आरोग्य गुरांच्या आणि परिसराच्या आरोग्यापासून तोडून पाहता येत नाही, हा या अभ्यासामागील विचार आज जगभर मान्यता पावला आहे. हाच विचार उराशी धरून एक शास्त्रज्ञ येथून अवघ्या पंचावन्न किलोमीटरांवर, इंदुरात, सात वर्षे राबत होता. त्या काळी त्याची गणना विक्षिप्तांत होत असे.

आल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कासल या गावी, एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडन आणि केंब्रिज येथील शिक्षण संपवून ते १८९९ मध्ये वेस्ट इंडीजला कवकशास्त्रज्ञ म्हणून गेले. उसावरील रोग सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आणि शेतकऱ्यांना उपाय सांगणे हे त्यांचे काम. मात्र स्वतः पीक घेऊन उपाय पडताळावा, तर हाताशी जमिनीचा तुकडाही नव्हता. आपण स्वतः कधीही न केलेल्या गोष्टींचा उपदेश इतरांना करीत आहोत, ही बोच तेव्हापासून त्यांच्या मनाला लागली. पुढील सारे आयुष्य त्या बोचेचे उत्तर शोधण्यात गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९०५ साली ते बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएलबाई केवळ शास्त्रज्ञाची पत्नी नव्हत्या. केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या शरीरक्रियेवर त्यांनी मोलाचे संशोधन केले होते, आणि हिंदुस्थानातील हॉवर्ड यांच्या कार्यात त्या बरोबरीच्या वाटेकरी होत्या. त्या काळातील बहुतेक ग्रंथ आणि निबंध दोघांच्या नावाने आहेत. तरी लोकांच्या स्मरणात एकच नाव राहिले, याची खंत वाटते. उभयतांनी निवडलेले पुसा जातीचे गहू उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरले.

पुशात हॉवर्ड यांनी एक निराळाच धडा गिरवला. सभोवतालच्या खेड्यांतील शेतकरी कोणतीही औषधे न फवारता निरोगी पिके काढीत होते. तेव्हा त्यांनी त्या शेतकऱ्यांना आणि पिकांवरील किडींनाच आपले गुरू मानले. कीड अथवा रोग पडला म्हणजे काहीतरी चुकले आहे, हे निसर्ग सांगत असतो. तेव्हा कीड मारण्यापूर्वी चूक शोधावी, ही त्यांची धारणा तेथे पक्की झाली.

ही धारणा गुरांनाही लागू पडते काय, हे पाहण्यासाठी त्यांनी खटपट करून बैलांच्या काही जोड्या स्वतःच्या ताब्यात मिळविल्या. त्यांचा निवारा, स्वच्छता आणि आपल्याच शेतातील सकस चारा यांवर त्यांनी कटाक्षाने लक्ष ठेवले. शेजारच्या सरकारी गोठ्यात आणि हॉवर्ड यांच्या गोठ्यात केवळ एका बुटक्या कुंपणाचे अंतर होते. तिकडे लाळ-खुरकुताची साथ आली असता आपले बैल त्या आजारी जनावरांच्या नाकाला नाक घाशीत असल्याचे हॉवर्ड यांनी पाहिले. त्यांनी लस टोचली नाही, की बैल वेगळे बांधले नाहीत. तरीही त्यांच्या बैलांना लागण झाली नाही. ही हकिकत त्यांनी पुढे जन्मभर सांगितली.

तथापि पुशातील कारभार त्यांना जाचू लागला. गहू एका खात्याकडे, माती दुसऱ्याकडे, कीटक तिसऱ्याकडे आणि जनावरे चौथ्याकडे. शेतकऱ्याचे शेत मात्र एकच. या वाटणीला कंटाळून त्यांनी मध्य हिंदुस्थानाकडे दृष्टी वळविली. होळकर दरबाराने इंदूर शहरालगत दिलेली सुमारे तीनशे एकर जमीन, मध्यवर्ती कापूस समितीचे अनुदान आणि माळव्यातील संस्थानांचे साहाय्य यांतून १९२४ साली तेथे वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. हॉवर्ड तिचे संचालक झाले. याच काळात, १९२६ साली मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

माळव्याची काळी माती ज्यांनी पावसाळ्यात तुडविली आहे त्यांना हॉवर्ड यांच्यापुढील अडचणी सांगावयास नकोत. पावसात चिखल, उन्हाळ्यात हातभर भेगा. आणि खताचे म्हणाल, तर शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाणारे. रासायनिक खत गरीब शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे. तेव्हा शेतातील केरकचऱ्यालाच खताचे रूप देण्याचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. चीनमधील शेतकरी शतकानुशतके हे कसे करीत आले, याचे अमेरिकन लेखक किंग यांनी केलेले वर्णन त्यांना ठाऊक होते. त्याला प्रयोगशाळेची जोड द्यावयाची होती, आणि येथे त्यांना यशवंत वाड हे सहकारी लाभले. इंदूर पद्धतीच्या रासायनिक बाजूचा भार वाड यांनी वाहिला.

ही पद्धत दिसावयास साधी. सुमारे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असे उतरत्या बाजूंचे खड्डे घ्यावयाचे. त्यांत पालापाचोळा, तण, धसकटे, शेण, गोठ्यातील गोमूत्राने भिजलेली माती आणि चुलीतील राख थराथरांनी पसरून पाणी शिंपावयाचे. कपाशीच्या टणक पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या रस्त्यावर टाकून बैलगाड्यांच्या चाकांखाली भरडून घेत. ढीग तापतो, आत बुरशी आणि जिवाणू काम करू लागतात. हवा खेळती राहावी म्हणून तीन महिन्यांत तीनदा उलथापालथ केली, की काळे, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत हाती येते. सगळे मर्म हवा, ओलावा आणि नत्राचे प्रमाण यांच्या तोलात होते, आणि तो तोल शास्त्रीय मोजमापांनी ठरविला गेला. उकिरडा आणि कंपोस्ट यांतील फरक तो हाच.

इंदुरातही त्यांचे बैल साथींतून बहुतेक सुखरूप राहिले. मात्र चाऱ्याची टंचाई पडली असता काही जनावरांना सौम्य लागण झाली आणि पोटभर चारा मिळताच ती बरी झाली, हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे.

१९३० साली गॅब्रिएलबाईंचे निधन झाले. पुढच्या वर्षी हॉवर्ड सेवानिवृत्त होऊन स्वदेशी परतले. त्याच १९३१ साली हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावांनी शेतीतील टाकाऊ पदार्थांवरील ग्रंथ ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. जगातील सेंद्रिय शेतीच्या पायाभूत ग्रंथांत त्याची गणना होते, आणि त्याच्या मुखपृष्ठावरील वाड हे आडनाव वाचून मराठी मन सुखावल्यावाचून राहत नाही. हॉवर्ड गेल्यावरही काम थांबले नाही. १९३४ मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी मानवी वस्तीतील मैला आणि कचरा आरोग्यास अपाय न होता खतात कसा बदलावा, याविषयीची पुस्तिका काढली. १९३५ साली महात्मा गांधी इंदुरास आले असता त्यांनी हे खत मुद्दाम पाहिले. पुढे त्याच जागेवर कृषी महाविद्यालय उभे राहिले.

हॉवर्ड यांना १९३४ साली सर हा किताब मिळाला. १९३९ मध्ये चेशायर परगण्यातील डॉक्टरांनी आजारांचे मूळ सदोष आहारात असल्याचे निवेदन काढले, तेव्हा क्रू येथील सभेत कुन्नूरचे आहारसंशोधक मॅकॅरिसन यांच्यासमवेत हॉवर्डही बोलले. १९४० साली त्यांचे कृषीविषयक मृत्युपत्र म्हणून गाजलेले पुस्तक आले.

येथे थोडा तोल सांभाळावयास हवा. निरोगी मातीतून निरोगी पीक आणि त्यातून निरोगी प्राणी, ही साखळी त्यांनी इतकी ताणली, की जंतूंचे स्वतंत्र सामर्थ्य त्यांच्या लेखी जवळजवळ उरले नाही. त्यांच्या बैलांशी तुलना करण्यास दुसरा गट नव्हता. अशा निरीक्षणावरून लाळ-खुरकुताला लस नको, असे आज कोणी पशुवैद्य म्हणणार नाही. प्रस्तुत लेखकाचेही मत तसेच आहे. पण त्यांच्या हयातीतच, १९४३ साली, अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतील एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले, आणि १९५० च्या सुमारास तशी औषधे धडधाकट कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात, केवळ वजन वाढावे म्हणून, मिसळली जाऊ लागली. जनावरांची निगा राखण्याऐवजी औषध चारण्याची ही वाट नेमकी हॉवर्ड यांच्या शिकवणीच्या उलट होती. त्यातून जंतू निर्ढावतात, हा इशारा ब्रिटनमधील स्वॉन समितीने १९६९ साली दिला. माणसांसाठी राखून ठेवावयाचे कोलिस्टिन खाद्यप्राण्यांना देण्यास भारताने २०१९ साली बंदी केली. शेणखत नीट तापवून कुजविले तर त्यातील पुष्कळसे रोगजंतू मरतात आणि प्रतिरोधी जनुके घटतात, परंतु सगळीच नाहीशी होत नाहीत, असे आता आढळले आहे. म्हणजे इंदूरच्या खड्ड्याने अर्धे काम होते. उरलेले अर्धे डॉक्टर, पशुवैद्य आणि औषध विकत घेणारा यांच्या हाती राहते.

गॅब्रिएलबाईंच्या भगिनी लुईझ यांच्याशी हॉवर्ड यांनी १९३१ साली दुसरा विवाह केला होता. अखेरची वर्षे त्यांनी लंडनजवळील ब्लॅकहीथ येथे लेखनात आणि वादविवादांत घालविली. १९४६ साली इंग्लंडमध्ये सेंद्रिय शेतीच्या पुरस्कर्त्यांनी संस्था काढली, पण तिच्यात ते सामील झाले नाहीत. संस्थांशी त्यांचे फारसे कधी जमलेच नाही. भारत स्वतंत्र झाल्यानंतर दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९४७ रोजी, त्यांचे निधन झाले. लुईझबाईंनी त्यांच्या हिंदुस्थानातील कार्याचा वृत्तांत लिहून १९५३ साली प्रसिद्ध केला.