जोतीरावांचा हिशेब

शाळेत असताना २८ नोव्हेंबरला महात्मा फुल्यांवर भाषण करायची वेळ माझ्यावर दोनदा आली. दोन्ही वेळा मी भिडेवाड्यापासून सुरुवात केली आणि टाळ्यांवर संपवले. जोतीरावांनी सरकारकडे शाळांच्या पैशांचा हिशेब मागितला होता, हे मला बऱ्याच उशिरा, शाळा सुटल्यावर वाचनात आले. स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर तेच आधी आठवले.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. आई चिमणाबाई ते वर्षाचे होण्याआधीच वारल्या. वडील गोविंदराव पुण्यात भाजी-फुलांचा धंदा करीत. मुलगा शाळेत जाऊ लागला, पण लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्याला काढून मळ्यात कामाला लावले. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ मध्ये तो स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला. दोन शेजारी मध्ये पडले नसते तर पुढचे काहीच घडले नसते. शाळा सुटणे म्हणजे काय, हे या माणसाने स्वतः भोगले होते.

१८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, सावित्रीबाई शिकवू लागल्या. पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या, १८५५ मध्ये शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारने त्यांचा सत्कार केला, दक्षिणा फंडातून शाळांना मदतही मिळाली. पण १८५७ च्या उठावानंतर देणग्या आटल्या. देणगीवर चालणारी शाळा देणगीदाराच्या मर्जीवर चालते, हा धडा त्यांना मिळाला. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांच्या जेवणाची सोय केली. पोट रिकामे असेल तर पाटी हातात देऊन उपयोग नाही, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले.

मग १८८२ साल आले. शिक्षणाची चौकशी करणारे हंटर कमिशन नेमले गेले आणि १९ ऑक्टोबरला जोतीरावांनी त्याच्यापुढे निवेदन ठेवले. तेव्हा आपला किनाराही त्याच मुंबई इलाख्यात, ठाणे जिल्ह्यात होता. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी घेतली जाई आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. जोतीरावांचे म्हणणे सरळ होते. पैसा रयतेच्या घामाचा, आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. इलाख्यातल्या दहापैकी नऊ गावांत शाळेची सोय नाही, सुमारे दहा लाख मुले शिक्षणावाचून आहेत, असे त्यांनी मांडले. लोकल फंडाचा अर्धा भाग फक्त प्राथमिक शाळांवर खर्च करा, बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, शिक्षकाला निदान बारा रुपये पगार द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मोडी, बाळबोध आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीची माहिती आणि आरोग्याचे नियमही शिकवावेत, असे त्यांनी सुचवले. मुलाचे शरीर सांभाळणे हा त्यांच्या मते शाळेच्याच कामाचा भाग होता.

मला सर्वांत जास्त थांबवले ते शिष्यवृत्त्यांविषयीच्या मुद्द्याने. चढाओढीने शिष्यवृत्ती देणे वरवर न्यायाचे दिसते, पण ती जाते ज्यांच्या घरात शिक्षणाची गोडी आधीच आहे त्यांच्याकडे. म्हणून काही शिष्यवृत्त्या जिथे शिक्षण पोचलेलेच नाही अशा वर्गांसाठी ठेवाव्यात, अशी त्यांची मागणी होती.

कमिशनने सक्ती मान्य केली नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला, तर ते डाव्या हाताने लिहीत राहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, तेही पुढच्या वर्षी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते सुरू केले. देशात शिक्षणाचा हक्क कायद्याने आला तो १ एप्रिल २०१० पासून.

आता आपल्याविषयी. आपल्या वर्गात खिडकीजवळ बसणारी ती मुलगी आठवते का? पाढ्यांत माझ्यापुढे असायची. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की ती कमी दिसू लागायची. घरी धाकटी भावंडे, दारात वाळत घालायचे बोंबील. सातवीनंतर ती आलीच नाही. तिच्या घरी समजूत घालायला कोणी मुन्शी गेला नाही. मीही गेलो नाही. या स्मरणिकेच्या यादीत तिचे नाव नाही, कारण यादी दहावीच्या पटावरून केली आहे.

मेळाव्याची शिल्लक गुणवंतांच्या बक्षिसांना द्यावी, असे बैठकीत ठरते आहे. पहिल्या तिघांचे कौतुक मलाही आहे. पण माझी विनंती आहे की निम्मी रक्कम गुणांकडे न पाहता ठेवावी. ज्या घरातून मूल शाळेतून निघण्याच्या बेतात आहे तिथे वह्या, बसचे भाडे, चष्मा, डॉक्टरची फी, जे अडत असेल ते द्यावे. नावे गुरुजी आणि बाई सांगतील, वर्गात कोण दिसेनासे झाले हे त्यांनाच आधी कळते. आणि पुढच्या मेळाव्याची यादी पहिलीच्या पटावरून करू या.