छायाचित्राखालची दुसरी सही

ज्यांचे श्रम एखाद्या वस्तूत खर्ची पडले, त्यांचा त्या वस्तूच्या मोलात वाटा असतो, हे तत्त्व कारखान्यापुरते आता सर्वमान्य झाले आहे. कलेच्या प्रांतात मात्र ते अद्याप नीटसे पोचलेले नाही. चित्राखाली सही एकाची असते. ज्या व्यक्तीवाचून ते चित्र संभवलेच नसते, तिचे नाव बहुधा कोठेही आढळत नाही. नग्नचित्रांच्या बाबतीत तर संकोचाची भर पडून हे मौन अधिकच दाट होते. या दृष्टीने एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराचे चरित्र विचार करण्याजोगे आहे.

वेस्टनचा जन्म २४ मार्च १८८६ रोजी इलिनॉय राज्यातील हायलंड पार्क या गावी झाला. वडील डॉक्टर होते. त्यांनी १९०२ साली मुलाला एक साधा कोडॅक कॅमेरा दिला आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरून गेली. १९०६ साली तो कॅलिफोर्नियात आला. १९०९ साली फ्लोरा चँडलर या शिक्षिकेशी त्याचा विवाह झाला. पुढे त्यांना चार मुलगे झाले. १९११ साली लॉस एंजेलिसजवळच्या ट्रॉपिको येथे त्याने स्वतःचा स्टुडिओ थाटला. गिऱ्हाइकांची व्यक्तिचित्रे काढून संसार चालवायचा आणि उरल्या वेळात मनाजोगे काम करायचे, हा जो क्रम तेथे सुरू झाला, तो जवळजवळ अखेरपर्यंत सुटला नाही.

याच स्टुडिओत मार्गरेट मेदर ही बुद्धिमान छायाचित्रकार त्याची सहकारी झाली. त्या काळी छायाचित्र धूसर करून त्याला रंगचित्राचा आभास देण्याची प्रथा होती. तीतून वेस्टन बाहेर पडला, त्यात मेदरच्या दृष्टीचा वाटा मोठा होता. ती त्याच्यासाठी कॅमेऱ्यासमोरही उभी राहिली. विशेष म्हणजे १९२१ साली काही छायाचित्रांवर या दोघांनी मिळून सह्या केल्या. श्रम दोघांचे आणि सह्याही दोघांच्या, असा हा चोख व्यवहार होता. पुढच्या कीर्तिमान चित्रांखाली मात्र सही एकट्या वेस्टनचीच राहिली.

१९२३ साली तो टीना मोदोत्तीसह मेक्सिकोला गेला. तिने स्टुडिओचा कारभार पाहावा आणि त्याने तिला छायाचित्रण शिकवावे, असा त्यांच्यात ठराव होता. तेथे तिची जी नग्नचित्रे त्याने टिपली, त्यांची गणना त्याच्या उत्तम कामात होते. मोदोत्ती पुढे स्वतंत्र छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आली. १९२६ च्या अखेरीस वेस्टन कॅलिफोर्नियात परतला. १९२७ साली त्याने बर्था वॉर्डेल या नर्तिकेची चित्रे घेतली, तेव्हा ती नृत्य करीत असे आणि त्यातला नेमका क्षण तो पकडीत असे. मॉडेलला पुतळ्यासारखे बसवण्यापेक्षा तिला मोकळेपणी हालचाल करू द्यावी, ही त्याची रीत होती. म्हणजेच चित्रातील आकृतीचा शोध निम्मा तरी मॉडेलने स्वतः लावलेला असे. शंखशिंपले, भोपळी मिरची आणि मानवी देह या साऱ्यांकडे तो एकाच निरखून पाहणाऱ्या नजरेने बघत होता, हे खरे. परंतु मिरची स्वतः वळत नाही, माणूस वळतो. हा भेद लहान नव्हे.

१९३४ साली कॅरिस विल्सन त्याच्या आयुष्यात आली. ती वीस वर्षांची होती, तो अठ्ठेचाळीस वर्षांचा. वर्षानुवर्षे नेमाने चाललेली त्याची रोजनिशी त्याच साली थांबली. १९३६ साली सँटा मोनिका येथील घराच्या दारात गुडघे जवळ घेऊन, मान खाली घालून बसलेल्या कॅरिसचे जे छायाचित्र त्याने घेतले, ते विसाव्या शतकातील अत्यंत प्रसिद्ध नग्नचित्रांपैकी एक ठरले. तिच्या उजव्या हातावरची सावली त्याला अखेरपर्यंत खटकत राहिली आणि तिला स्वतःच्या केसांचा वाकडा भांग खटकत राहिला. चित्राचे दोष दोघेही शोधीत होते, यावरून ते काम दोघांचे होते हेच दिसते. मथळ्यात मात्र ‘नग्नचित्र, १९३६’ एवढेच होते.

१९३७ साली वेस्टनला गुगेनहाइम प्रतिष्ठानची दोन हजार डॉलरांची शिष्यवृत्ती मिळाली. ती मिळवणारा तो पहिला छायाचित्रकार. त्याचा मूळ अर्ज अगदीच त्रोटक होता. त्याच्या जोडीला सविस्तर निवेदन लिहिले ते कॅरिसने. वेस्टनला मोटार चालवता येत नसे. सोळा हजार मैलांहून अधिक प्रवासात चाकामागे बसली तीही कॅरिसच. एका मोटार-मासिकाने चित्रांसाठी दरमहा पन्नास डॉलर देऊ केले. चित्रांखालच्या मजकुराबद्दल कॅरिसला पंधरा डॉलर वेगळे मिळत. १९३९ साली त्यांनी विवाह केला. वेस्टनच्या नावे प्रसिद्ध झालेल्या लेखांपैकी बरेचसे लेखनही तिचेच होते.

१९४० साली या प्रवासाचे पुस्तक निघाले. चित्रे वेस्टनची, मजकूर कॅरिसचा, असे त्यात मान्य केले होते. येथेच प्रश्नाची खरी गाठ आहे. वेस्टन कृतघ्न नव्हता. जे श्रम शब्दरूपाने कागदावर उतरले, त्यांना नाव मिळाले आणि पंधरा डॉलर का होईना, दामही मिळाले. कॅमेऱ्यासमोरच्या श्रमांना मात्र नाव नव्हते आणि दामही नव्हता, कारण ते श्रम आहेत असे कोणी मानतच नव्हते.

१९४६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात वेस्टनचे भव्य प्रदर्शन भरले. त्याच साली कॅरिसशी त्याचा घटस्फोट झाला. कंपवाताने त्याला गाठले. १९४८ साली पॉइंट लोबोस येथे त्याने अखेरचे छायाचित्र घेतले आणि १ जानेवारी १९५८ रोजी कार्मेलजवळच्या घरी त्याचे निधन झाले. बँकेत त्या वेळी तीनशे डॉलर शिल्लक होते. अर्धशतकानंतर, २००८ साली, त्याचे १९२५ मधील एक नग्नचित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सोळा लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. या भाववाढीचा एक पैसाही ना त्याच्या वाट्याला आला, ना त्याच्या मॉडेलच्या.

नजर, निवड आणि अंतिम निर्णय छायाचित्रकाराचा असतो. तेव्हा सहीही त्याचीच असावी, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु चित्रपटात दिग्दर्शकाचा निर्णय अंतिम असूनही नटाचे नाव पडद्यावर येतेच. आपला देह विश्वासाने दुसऱ्याच्या नजरेपुढे ठेवणे, त्या नजरेला काय हवे ते ओळखणे आणि न सांगता ते घडवून आणणे, हे कौशल्य आहे. निव्वळ हजेरी नव्हे. त्याची नोंद झाली नाही की मॉडेल ही व्यक्ती न राहता वस्तू होते. नग्नचित्राविरुद्ध घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांतील सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे. त्याला उत्तर पडदा टाकून देता येत नाही. नाव देऊनच देता येते.

कॅरिस विल्सनने ते उत्तर स्वतःच दिले. १९९८ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, वेस्टनसोबतच्या वर्षांचे आत्मकथन तिने प्रसिद्ध केले. २००९ साली ती वारली. आज १९३६ च्या त्या चित्राखाली बहुतेक ठिकाणी तिचे नाव दिसते. १९२१ साली दोन सह्यांनी जो व्यवहार सहज पुरा झाला होता, त्याची पुन्हा दखल घ्यायला जगाला इतकी वर्षे लागली.