प्रपंच सांभाळून गाणारा

माझे वडील शाळेत गायन शिकवायचे. गाण्याचा विषय निघाला की ओळखीतलं कुणी ना कुणी हमखास विचारायचं, की ते सगळं ठीक, पण पोटापाण्याचं काय? रोममधल्या चारशे वर्षांपूर्वीच्या एका गायनवृंदप्रमुखाची हकिकत वाचताना मला म्हणूनच सारखे वडील आठवत राहिले.

त्याचं नाव जोव्हान्नी पिएरलुईजी दा पालेस्त्रिना. शेवटचा शब्द गावाचा. आपल्याकडे तो सरळ पालेस्त्रिनाकर झाला असता. जन्म १५२५च्या सुमाराचा, गाव रोमजवळचं. लहानपणी रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये तो इतर मुलांबरोबर गायला. १५४४मध्ये गावच्या कॅथीड्रलमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी मिळाली, १५४७मध्ये लुक्रेत्सियाशी लग्न झालं, पुढे तीन मुलगे झाले.

नशीब असं की गावचे बिशपच १५५०मध्ये पोप झाले, तिसरे ज्युलियस. पुढच्याच वर्षी पालेस्त्रिना रोममध्ये सेंट पीटर्सच्या गायनवृंदाचा प्रमुख झाला. जानेवारी १५५५मध्ये तर पोपनी त्याला थेट आपल्या खास सिस्टाइन गायकांत घेतलं. ना परीक्षा, ना बाकीच्या गायकांची संमती. शिवाय तिथे विवाहितांना मज्जाव होता, तिकडेही काणाडोळा. मार्चमध्ये ज्युलियस वारले. त्यांच्यानंतरचे दुसरे मार्सेलस अवघे बावीस दिवस पोप होते. मग आले चौथे पॉल, कडक शिस्तीचे. त्यांनी तीन विवाहित गायकांना घरी बसवलं. त्यांत हा एक. निवृत्तिवेतन दिलं म्हणा, पण तिशीच्या माणसाला लग्न केलं म्हणून निवृत्त व्हावं लागलं!

नंतर त्याने लॅटेरन चर्चचा गायनवृंद सांभाळला आणि १५६०मध्ये, गायकांच्या खर्चात चाललेल्या काटकसरीवरून बिनसल्यावर, मुलाला घेऊन तो तिथून चालता झाला. प्रमुखाचं काम म्हणजे नुसतं ताल दाखवणं नव्हे. गाणाऱ्या पोरांचं शिक्षण, त्यांचं जेवणखाण, सगळं त्यात येतं.

आता त्याच्या गाण्याविषयी. तंबोऱ्यावर वाढलेल्या माझ्या कानांना कॅसेटवर ते प्रथम ऐकताना निव्वळ गलका वाटला. साथीला एकही वाद्य नाही, सहा स्वरपंक्ती, आणि प्रत्येकीची वाट निराळी. तीन-चारदा ऐकल्यावर एकेक धागा सुटा दिसू लागला. एक आवाज वर चढतो तेव्हा दुसरा हळूच उतरतो, कुणी कुणाला ढकलत नाही. ती रचना पोप मार्सेलस यांच्या नावाची. मास म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, आणि तिचे ठरलेले लॅटिन शब्द इथे गायले जातात. अनेक आवाज गुंतले की शब्द कळेनासे होतात, ही त्या काळची मोठी तक्रार होती. १५६५मध्ये कार्डिनलांनी गायकांना बोलावून काही रचना म्हणवून घेतल्या आणि शब्द कळतात का ते पाहिलं. पुढे दंतकथा झाली की चर्चमधून बहुस्वरी गाणं हद्दपारच होणार होतं आणि पालेस्त्रिनाच्या या एका रचनेने ते वाचवलं. कागदपत्रांत याला आधार नाही. पण यातल्या लांबलचक प्रार्थनांत सगळे आवाज बरेचदा शब्द एकदमच उच्चारतात, हे माझ्यासारख्या लॅटिन न येणाऱ्यालाही जाणवतं.

१५७१मध्ये तो सेंट पीटर्सला परतला आणि लगोलग घरावर घाला आला. साथीच्या रोगांत काही वर्षांच्या आत दोन मुलगे गेले, भाऊ गेला, आणि १५८०मध्ये लुक्रेत्सियाही. खचलेल्या पालेस्त्रिनाने धर्मगुरू व्हायचं ठरवलं, त्या वाटेवरची पहिली पायरीही ओलांडली. आणि वर्षही सरलं नाही तोच, १५८१मध्ये, एका श्रीमंत विधवेशी लग्न केलं! तिचा फरच्या कातड्यांचा व्यापार होता. हा त्यातही उतरला, पैसा कमावला.

कित्येकांना हे खटकतं. मला नाही खटकत. राजेरजवाड्यांशी पगाराची घासाघीस करण्यात तो आधीपासूनच पक्का होता. १५६८मध्ये व्हिएन्नाच्या सम्राटाकडचं बोलावणं त्याने मागितलेल्या रकमेपायी फिसकटलं, १५८३मध्ये मांतुआच्या ड्यूकचंही तसंच. आणि त्या कातड्यांच्या दुकानाने हात सैल झाल्यावर शेवटच्या तेरा वर्षांत त्याने आपल्या रचनांची पुस्तकांमागून पुस्तकं छापून घेतली. शंभराहून जास्त मास त्याने रचले. माझ्या वडिलांना असं एखादं दुकान मिळालं असतं तर, असंही मनात येऊन गेलं.

ज्या सिस्टाइन गायकांतून त्याला काढलं, त्यांच्यासाठी तो पुढे रचना करत राहिला. १५६५पासून त्याचं मानधनही गायकांच्या पगाराइतकं झालं. त्याची गाणी तिथे गायली जात. त्याला मात्र त्या रांगेत पुन्हा उभं राहता आलं नाही.

२ फेब्रुवारी १५९४ला तो गेला आणि सेंट पीटर्समध्येच त्याला पुरलं. ती प्रचंड इमारत तेव्हा नव्याने उभी राहत होती. त्या बांधकामात त्याची कबर कुठे दबली, ते आजवर सापडलेलं नाही.